विश्लेषण : किमान शिल्लक नाही म्हणून कापलेले पैसे बँकेकडून परत मिळू शकतात का?

बचत खात्यात ठरावीक शिल्लक राहिली नाही म्हणून बँकेने दंड कापला, की बहुतेक खातेदार चरफडतात आणि सोडून देतात. रक्कम दोनशे-चारशे रुपयांची असते. त्यासाठी शाखेत कोण खेटे घालणार? मात्र हा दंड कधी, किती आणि कसा कापायचा याचे लेखी नियम रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांपूर्वीच घालून दिले आहेत. ते पाळले नसतील, तर पैसे परत मागता येतात. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. हे नियम काय आहेत, दाद कुठे मागायची आणि मागणी कशी मांडली तर टिकते, याविषयी...

विषय आता चर्चेत का आला?

आयसीआयसीआय बँकेने १ ऑगस्ट २०२५ पासून महानगर आणि शहरी भागातील नव्या बचत खात्यांसाठी मासिक सरासरी किमान शिल्लक १० हजारांवरून थेट ५० हजार रुपये केली. त्यावर टीकेची झोड उठली आणि १३ ऑगस्टला बँकेने ही मर्यादा १५ हजारांवर आणली. दरम्यान, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी गुजरातमधील एका कार्यक्रमात स्पष्ट केले, की किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवण्याची मुभा बँकांना आहे. ती बाब नियामकाच्या कक्षेत येत नाही.

सरकारी बँकांची वाटचाल उलट दिशेने सुरू आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच किमान शिल्लकीची अट काढली. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही हा दंड बंद केला. म्हणजे एकाच शहरात, एकाच रस्त्यावरील दोन शाखांत एकीकडे दंड शून्य आणि दुसरीकडे दरमहा कपात, अशी स्थिती आहे.

एकूण रक्कम किती?

एका खात्यातून जाणारी रक्कम किरकोळ असली, तरी बेरीज किरकोळ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लकीच्या दंडापोटी २१,०४४ कोटी रुपये वसूल केले. जादा एटीएम व्यवहारांचे ८,२८९ कोटी आणि एसएमएसचे ६,२५४ कोटी धरले, तर आकडा ३५ हजार कोटींच्या वर जातो. फक्त सरकारी बँकांचे पाहिले, तर २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत त्यांनी सुमारे ८,९३३ कोटी रुपये दंड घेतला.

स्टेट बँकेचे २०१७ चे उदाहरण बोलके आहे. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत बँकेने या दंडातून सुमारे १,७७१ कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतील बँकेच्या नफ्यापेक्षा ही रक्कम अधिक होती. हा दंड भरणारे कोण? ज्यांच्या खात्यात किमान रक्कमही शिल्लक राहत नाही, ते.

'लाडकी बहीण'च्या वेळी काय घडले?

याचा सर्वांत ठळक अनुभव महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये १४ ऑगस्टपासून महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले. १७ ऑगस्टला पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात योजनेचा औपचारिक प्रारंभ झाला. त्याच दिवसांत, जमा झालेल्या पैशांतून बँकांनी जुना दंड किंवा कर्जाचा हप्ता परस्पर वळता करून घेतल्याच्या तक्रारी राज्यभरातून येऊ लागल्या. योजनेच्या रकमेतून कपात करू नये, असे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावे लागले.

यातील कर्जहप्त्याचा प्रश्न वेगळा आहे. मात्र ज्या खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने एकही व्यवहार केलेला नाही, अशा निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावण्यास रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासूनच मनाई केली होती. हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. म्हणजे खाते निष्क्रिय झाल्यानंतर १ एप्रिलपासून लावलेला दंड मंत्र्यांच्या सूचनेआधीच नियमबाह्य होता. त्याविरोधात नियमावर बोट ठेवून अर्ज करता आला असता. पण किती जणींना हा नियम ठाऊक होता?

रिझर्व्ह बँकेचे नियम काय आहेत?

व्यापारी बँकांसाठीचे मूळ परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४ चे होते. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातील चार गोष्टी खातेदाराने लक्षात ठेवाव्यात.

१. आधी सूचना, मग दंड : शिल्लक कमी झाली, की बँकेने एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने तसे स्पष्ट कळवायचे. सूचनेच्या तारखेपासून किमान एक महिन्याची मुदत द्यायची. त्या मुदतीत शिल्लक पूर्ववत झाली नाही, तरच दंड घेता येतो; आणि घेतल्याचेही कळवावे लागते.

२. तुटीच्या प्रमाणात दंड : किमान शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांतील फरकाच्या ठरावीक टक्केवारीने दंड आकारायचा. त्यासाठी टप्पे ठरवता येतात. शंभर रुपये कमी पडले काय आणि नऊ हजार कमी पडले काय, सरसकट सारखाच दंड, हे या नियमात बसत नाही.

३. दंड वाजवी हवा : सेवा देण्यासाठी बँकेला येणाऱ्या सरासरी खर्चाशी तो विसंगत नसावा. दंडाचे धोरण बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे.

४. खाते उणे होता कामा नये : केवळ या दंडामुळे बचत खात्याची शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये.

याशिवाय किमान शिल्लकीची मर्यादा किंवा दंड वाढवायचा असेल, तर जुन्या खातेदारांना किमान एक महिना आधी कळवणे बंधनकारक आहे. एसएमएसचे शुल्कही प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशांच्या प्रमाणात घ्यावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले आहे.

दंडाचे गणित कसे तपासायचे?

बहुतेक बँका एखाद्या दिवसाची नव्हे, तर महिन्याची सरासरी शिल्लक पाहतात. रोज दिवसअखेर खात्यात किती रक्कम होती, त्याची बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागायचे. समजा, किमान सरासरी १० हजार आहे. तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस २० हजार आणि उरलेले वीस दिवस ४ हजार रुपये होते. बेरीज २ लाख ८० हजार, सरासरी ९,३३३ आणि तूट ६६७ रुपये. वीस दिवस खात्यात चारच हजार असूनही तूट सहा हजारांची नाही, हे इथे महत्त्वाचे.

आता दंड पाहू. तूट १,२०० रुपये आणि दंडाचा दर सहा टक्के असेल, तर दंड ७२ रुपये होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८४ रुपये ९६ पैसे. त्याऐवजी खात्यातून सरसकट ६०० रुपये आणि जीएसटी मिळून ७०८ रुपये गेले असतील, तर ती रक्कम तुटीच्या निम्म्याहून अधिक होते. तिथे दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाचा प्रश्न उभा राहतो. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आशिष दास यांनी २०१७ मध्ये बँकांच्या दरपत्रकांचा अभ्यास केला होता. तुटीवर घेतला जाणारा दंड वार्षिक हिशेबाने सरासरी ७८ टक्क्यांवर जातो, असे त्यांना आढळले. बचत खात्यावर मिळणारे व्याज त्या वेळी चार टक्क्यांच्या आसपास होते.

पुण्यात हा दंड सर्वाधिक कोणाला बसतो?

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत नोकरी बदलणे नेहमीचे आहे. नवी कंपनी नव्या बँकेत पगार खाते उघडते आणि जुन्या खात्याकडे दुर्लक्ष होते. सलग काही महिने पगार जमा झाला नाही, की जुने 'सॅलरी अकाउंट' साध्या बचत खात्यात बदलते आणि त्याला किमान शिल्लकीची अट लागू होते. खातेदार तीन-चार वर्षांनी एखाद्या जुन्या परताव्यासाठी खाते उघडून पाहतो, तेव्हा शिल्लक शून्य आणि वर दंडाची थकबाकी दिसते.

शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांचे आणि गावी परतलेल्या कामगारांचेही असेच होते. मोबाइल क्रमांक बदललेला असल्याने एसएमएस पोहोचत नाही. इथे खातेदाराची बाजू थोडी कमकुवत होते, कारण नोंदवलेल्या क्रमांकावर सूचना पाठवल्याचे बँक दाखवू शकते. म्हणून क्रमांक आणि ई-मेल अद्ययावत ठेवणे ही खातेदाराची जबाबदारी ठरते. वापरात नसलेले खाते वेळीच बंद करणे, हा त्याहून सोपा उपाय.

'दंड अन्यायकारक आहे' एवढे म्हणणे पुरेसे का नाही?

बहुतेक तक्रारी इथेच फसतात. 'गरीब माणसाकडून दंड घेणे अन्याय आहे' हे म्हणणे नैतिकदृष्ट्या बरोबर असेल. पण किमान शिल्लक किती ठेवायची, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. अशा निर्णयाविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत दाखलच होत नाही.

ब्रिटनचा अनुभव यासाठी पाहण्याजोगा आहे. खात्यातील शिल्लक ओलांडून पैसे गेले, की तेथील बँका मोठे 'ओव्हरड्राफ्ट' शुल्क घेत. २००६-०७ च्या सुमारास लाखो खातेदारांनी ते परत मागितले आणि अनेकांना पैसे मिळालेही. मग प्रकरण न्यायालयात गेले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे शुल्क बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे. ते योग्य की अयोग्य, याची तपासणी ग्राहक करारविषयक नियमांखाली करता येणार नाही. परताव्याची लाट तिथेच ओसरली. परिस्थिती बदलली ती एप्रिल २०२० मध्ये. नियामकाने असे ठोक शुल्क बंद करून फक्त वार्षिक व्याजदर आकारण्याचा नियम केला, तेव्हा.

भारतातही अनुभव तसाच आहे. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यांतून महिन्यात चारपेक्षा अधिक वेळा पैसे गेले, की प्रत्येक व्यवहाराला स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे कापत असे, अगदी यूपीआय व्यवहारांवरही. प्राप्तिकर विभागाच्या केंद्रीय मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी परिपत्रक काढून, १ जानेवारी २०२० नंतर यूपीआय आणि रुपे व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करण्यास बँकांना सांगितले. आशिष दास यांच्या अहवालानुसार, २०१७ ते २०२० दरम्यान बँकेने अशा व्यवहारांवर २५४ कोटींहून अधिक रक्कम घेतली. त्यातील सुमारे ९० कोटी परत झाले, १६४ कोटी नाहीत. परिपत्रकात जी तारीख होती, तिच्यानंतरचे पैसे परत आले. तिच्या आधीचे अडकले.

थोडक्यात, खातेदाराने दंडाच्या नैतिकतेवर वाद घालण्याऐवजी कोणता नियम मोडला, एवढेच विचारावे.

पैसे परत कसे मागायचे?

पहिली पायरी, खातेउतारा काढणे. त्यात 'एमएबी', 'एएमबी', 'एक्यूबी' किंवा 'नॉन-मेंटेनन्स' अशा नावाने कपात दिसते. प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम आणि त्यावरील जीएसटी कागदावर उतरवून घ्यावा. मग त्या तारखेच्या किमान एक महिना आधीचा एसएमएस किंवा ई-मेल आहे का, ते शोधावे.

दुसरी पायरी, बँकेकडे लेखी तक्रार. तोंडी बोलणे किंवा फोन पुरेसा नाही. शाखेत दिल्यास पोच घ्यावी. ई-मेल किंवा ॲपवर दिल्यास तक्रार क्रमांक जपावा. मजकूर साधारण असा ठेवता येईल :

'माझ्या बचत खात्यातून (दिनांक) रोजी किमान शिल्लक दंडापोटी (रक्कम) रुपये व त्यावरील जीएसटी कापण्यात आला आहे. शिल्लक कमी झाल्याची पूर्वसूचना मला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने व कोणत्या क्रमांकावर पाठवली, तूट किती धरली आणि दंडाचा दर कोणत्या मंजूर धोरणानुसार लावला, याची लेखी माहिती द्यावी. पूर्वसूचना व एक महिन्याची मुदत दिली नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार संपूर्ण रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी.'

या मजकुरात राग नाही, प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे बँकेला नोंदी काढूनच द्यावी लागतात. दहापेक्षा अधिक शाखा असलेल्या शेड्युल्ड व्यापारी बँकेला तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर अंतिम उत्तर देण्याआधी ती स्वतःच्या 'अंतर्गत लोकपाला'कडे पाठवावी लागते. खातेदाराने थेट तिथे जायचे नसते. पण आपली तक्रार त्या टप्प्यातून गेली का, हे विचारता येते.

लोकपालाकडे केव्हा जायचे?

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत दाद मागता येते. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तक्रार 'सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' या संकेतस्थळावर नोंदवता येते किंवा चंडीगड येथील केंद्रावर टपालाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा नि:शुल्क क्रमांक आहे. २०२१ च्या योजनेनुसार बँकेचे उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि उत्तर आलेच नसेल तर बँकेकडे तक्रार केल्यापासून एक वर्ष ३० दिवसांच्या आत हे करावे लागते.

तीन गोष्टी सांभाळायच्या. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, नाहीतर लोकपाल ती दाखल करून घेत नाही. तक्रार खातेदाराने स्वतः करावी; त्याच्या वतीने वकिलाने केलेली चालत नाही. आणि तोच विषय न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित नसावा. दंडाबरोबरच त्यामुळे झालेल्या नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापापोटी एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा अधिकार २०२१ च्या योजनेने लोकपालाला दिला. दंडामुळे शिल्लक घटली आणि त्यामुळे विम्याचा हप्ता परत गेला, अशा वेळी ही तरतूद उपयोगी पडते.

सहकारी बँका आणि पतसंस्थांचे काय?

५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपाल योजनेत येतात. त्याहून लहान बँकांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाता येते. पतसंस्था मात्र बँक नाहीत. राज्यातील पतसंस्थांविरुद्धची तक्रार सहकार निबंधकांकडे करावी लागते. त्यांचे मुख्यालय, म्हणजे सहकार आयुक्तालय, पुण्यातच आहे.

ग्राहक आयोगाचा पर्यायही खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खातेदार राहतो त्या जिल्ह्यात, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. सेवेचे मूल्य पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात केली ती याच शहरात. 'एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार' या सवयीविरुद्ध उभी राहिलेली ती चळवळ होती.

ओव्हरड्राफ्ट आणि कर्जखात्यांनाही संरक्षण आहे का?

आहे. दुकानदार आणि लघुउद्योजक वापरतात त्या ओव्हरड्राफ्टसह कर्जखात्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी वेगळे परिपत्रक काढले. त्यानुसार अटी मोडल्याबद्दल बँक 'दंड शुल्क' घेऊ शकते. व्याजदरातच दंड मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. उताऱ्यात अजूनही 'दंडव्याज' दिसत असेल, तर त्याचा खुलासा मागता येतो.

पुढे दंड बसू नये म्हणून काय करावे?

किमान शिल्लक ठेवणे शक्य नसेल, तर 'मूलभूत बचत ठेव खाते' मागावे. ते फक्त जनधनसाठी नसते. कोणालाही उघडता येते आणि चालू बचत खाते लेखी विनंतीने त्यात बदलून घेता येते. त्याला किमान शिल्लकीची अट नाही, डेबिट कार्ड मोफत मिळते आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

मग जबाबदारी फक्त खातेदाराचीच का?

नियम पाळला की नाही, हे तपासण्याचा भार आज पूर्णपणे खातेदारावर आहे. वास्तविक सूचना कधी गेली, तूट किती होती आणि मुदत कधी संपली, ही सर्व माहिती बँकेच्या संगणकात आधीपासून असते. सूचनेची नोंद नसेल तर दंड आपोआप अडवायचा, ही व्यवस्था बसवणे बँकांना अवघड नाही. दंड कापल्याच्या एसएमएसमध्ये पूर्वसूचनेची तारीख आणि तुटीचा आकडा द्यावा, एवढे जरी रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले, तरी निम्मे वाद शाखेपर्यंत जाणार नाहीत. किमान शिल्लक किती असावी, हे बँकांवर सोडले असेल. दंड घेण्याची पद्धत त्यांच्यावर सोडलेली नाही. तोवर महिन्यातून एकदा खातेउतारा वाचणे आणि न पटलेल्या प्रत्येक कपातीचा लेखी हिशेब मागणे, एवढेच खातेदाराच्या हाती आहे.